सेक्रेटरींचा खंड्या

सेक्रेटरींनी तो पक्षी पाहिला तेव्हा ते पक्षी बघायला गेलेच नव्हते, गटार बघायला गेले होते. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी. कारण पुढे बिल्डिंगमधल्या काही मंडळींनी असं पसरवलं की हा सगळा बेत त्यांनी कित्येक महिने आधी आखला होता. ज्या माणसाला संध्याकाळी कोणती भाजी आणायची हे बाजारात उभं राहूनही ठरवता येत नाही, त्याच्यावर असा आरोप करणं म्हणजे त्याची उगाच स्तुती करण्यासारखं आहे.

झालं होतं ते इतकंच, की तळमजल्यावरच्या काकूंच्या मोरीतून पाणी उलटं येत होतं. पाऊस आठवडाभर हटायचं नाव घेत नव्हता. सोसायटीत काहीही तुंबलं की लोक सेक्रेटरींकडे यायचे, त्यामुळे ते एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बांबू घेऊन बिल्डिंगच्या मागे गेले. मागे कुंपण, कुंपणापलीकडे तळं आणि तळ्यापलीकडे झाडीने भरलेली टेकडी. तळं आपलं आदराने म्हणायचं. अर्धं पाणी, अर्धी जलपर्णी, आणि काठाला पूर्वी कधीतरी कोणीतरी कशासाठी तरी टाकलेला एक गंजका पाइप.

सेक्रेटरी बांबूने गटार ढोसत होते आणि त्या पाइपावर तो येऊन बसला.

आकार चिमणीएवढा. पण रंग असे, की जणू कोणी त्या चिमणीवर सगळी रंगपेटीच उपडी केली असावी. डोकं जांभळट नारिंगी, पंख गडद निळे, पोट पिवळंधमक, आणि चोच लालभडक, अंगाला न शोभेल इतकी लांब. त्याने पाण्यात सूर मारला, काहीतरी पकडून वर आणलं, ते पाइपावर दोनदा आपटलं आणि गिळलं. मग त्याने सेक्रेटरींकडे, एखादा तक्रारदार बघतो तसं, रोखून पाहिलं आणि काठाच्या मातीतल्या एका बिळात तो भुर्रकन शिरला.

सेक्रेटरी जागच्या जागी उभे राहिले. आपण का उभे आहोत हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. खिडकीतून काकू ओरडल्या, "अहो, काय करताय काय? पाणी आणखीनच वर आलं की!"

सेक्रेटरी विमा कंपनीत होते, दावे विभागात. लोक सांगायचे की छप्पर उडालं, आणि हे विचारायचे, उडताना कोणी पाहिलं का? उभं आयुष्य दुसऱ्यांकडे पुरावा मागण्यात गेल्यामुळे, एकट्याने पाहिलेल्या गोष्टीला काय किंमत असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून घरी गेल्यावर त्यांनी बायकोला जरा बिचकतच सांगितलं.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. म्हणजे एकाच घरात पुरावा मागणारी दोन माणसं.

"चष्मा पुसला होतात का?" तिने विचारलं.

"पुसला होता."

"पावसात तुम्हाला समोर आलेली बस दिसत नाही, आणि पक्ष्याचं पोट पिवळं होतं ते दिसलं?"

"बस इतकी सुंदर नसते."

यावर तिने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पेपर तपासायला घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या नजरेचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या मजल्यावर ड्रॉइंग मास्तर राहायचे. शाळेतून निवृत्त होताना त्यांना पक्ष्यांचं एक जाडजूड सचित्र पुस्तक भेट मिळालं होतं. पुस्तक उघडायला मिळावं म्हणून ते अनेक वर्षं कोणीतरी पक्षी पाहून येण्याची वाटच बघत होते. त्यांनी सेक्रेटरींना पाटावर बसवावं तसं खुर्चीत बसवलं, एकेक पान उलटत नेलं, आणि एका पानावर सेक्रेटरी ओरडलेच, "हा! हाच!"

"तिबोटी खंड्या," मास्तरांनी वाचलं. "बाकीच्या बहुतेक खंड्यांना चार बोटं असतात, याला तीन. पावसाळ्यात मातीच्या काठात बीळ करून पिल्लं काढतो. सेक्रेटरी, फार मोठा माणूस आलाय आपल्याकडे!"

प्रकरण इथेच संपलं असतं. एका माणसाने एक पक्षी पाहिला, दुसऱ्याने त्याचं नाव सांगितलं, दोघांनी चहा घेतला. पण त्याच रविवारी सोसायटीची सभा होती.

सोसायटीचे चेअरमन टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचे व्यापारी होते. माणूस उमदा, आवाज तीन गल्ल्या ऐकू जाईल असा. त्यांनी नुकतीच एक गाडी घेतली होती. ती इतकी रुंद होती की बिल्डिंगच्या फाटकातून आत येईना. त्यामुळे बिचारी बाहेर रस्त्यावर झाडाखाली उभी असायची आणि झाडावरचे कावळे तिच्यावर आपलं मत व्यक्त करायचे. पक्ष्यांशी चेअरमनांचा संबंध होता तो एवढाच.

"मागचं ते डबकं भरून घेऊ," चेअरमन म्हणाले. "झकास पार्किंग होईल. डास जातील, गाड्या येतील. वरचं सरकारी खातं परवानगी द्यायला तयार आहे, फक्त आपला ठराव हवा. सेक्रेटरी, लिहा, एकमताने मंजूर."

सेक्रेटरींचा हात लिहायचा थांबला. सभेत स्वतःचं मत मांडायची त्यांना सवय नव्हती. सेक्रेटरी इतरांची मतं लिहून घेतो, एवढीच त्यांची समजूत होती. पण तोंडातून शब्द निघून गेले होते.

"तिथे तिबोटी खंड्या आहे."

मग कोणीतरी विचारलं, "कोण खंड्या? भाडेकरू आहे का?"

"पक्षी आहे. दुर्मीळ आहे. काठात त्याचं घरटं आहे."

"तिबोटी म्हणजे?"

"पायाला तीनच बोटं असतात."

"तुम्ही मोजलीत?" चेअरमननी विचारलं, आणि सभा खो खो हसली. विमा कंपनीत इतकी वर्षं असे प्रश्न आपणच विचारत आलो हे सेक्रेटरींच्या ध्यानात आलं, पण समोरच्याला ते कसे लागतात याची कल्पना त्यांना आजवर आली नव्हती. कान गरम झाले. मास्तर मदतीला उठले आणि म्हणाले, "मी पुस्तकात पाहिलाय," त्यामुळे हसण्यात भरच पडली.

"हे बघा," चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमच्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे. तुम्हाला पार्किंगची गरज नाही. ते स्पष्ट सांगा ना. त्यासाठी पक्षी कशाला काढायचा?"

आता हे मात्र अती झालं. सेक्रेटरी उभे राहिले. "मी तो पक्षी खात्याच्या अधिकाऱ्याला दाखवीन," ते म्हणाले. "दाखवता आला नाही तर ठरावावर पहिली सही माझी, आणि त्याखाली राजीनामा."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "राजीनाम्याचं काय ते आधी मला सांगायचं होतंत. मी दहा वर्षं मागत होते."

खात्याचं ऑफिस म्हणजे एक मोठी इमारत होती, आणि तिच्यात शिरलेल्या माणसाला कोणत्या तरी दुसऱ्या मजल्यावर पाठवणं हे तिचं मुख्य काम होतं. पहिल्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "पक्षी आमच्याकडे येत नाहीत. आम्ही पाणी बघतो. तुमचा पक्षी पाण्यात असतो का?"

"पाण्यात बुडी मारतो."

"बुडाला असेल तर आपत्ती विभाग, दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बसतो कुठे?"

"पाइपावर."

"पाइप कोणाचा?"

सेक्रेटरींनी विचार केला. "सोसायटीचाच असावा."

"मग पक्षी सोसायटीचा झाला. पाळीव प्राणी, तिसरा मजला."

तिसऱ्या मजल्यावर एक अत्यंत मनमिळाऊ कारकून भेटला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पक्ष्याला लस टोचली आहे का असं आपुलकीने विचारलं. खंड्या बाळगण्याचा परवाना खिशात घालूनच सेक्रेटरी बाहेर पडले असते, पण तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक उंच, सडसडीत, खाकी रेनकोटातला माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "तिबोटी खंड्या कोण म्हणालं?"

हे निरीक्षक. तळी, ओढे आणि त्यांवरच्या भरावाच्या परवानग्या त्यांच्याच हातात होत्या. सेक्रेटरींना वाटलं, सुटलो.

"घरटं असेल तर भराव घालता येणार नाही," निरीक्षक म्हणाले. "पण मी स्वतः पाहीन. स्वतःच्या डोळ्यांनी. फोटो चालत नाही. मागे एकाने दुर्मीळ बदकाचा फोटो आणला होता. तळ्यावर जाऊन बघतो तर बदक प्लॅस्टिकचं. तेव्हापासून मी ऐकलेलं मानत नाही, छापलेलं मानत नाही, दाखवलेलं मानत नाही. येत्या रविवारी सकाळी येतो. पाऊस असला तरी येतो. त्यानंतर ती फाइल पुढे जाते."

तो आठवडा सेक्रेटरी कधी विसरणार नाहीत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं, पक्ष्यांना साबणाचा वास आवडत नाही, आंघोळ करू नका. कोणी म्हणालं, पक्ष्यांना माणसाचा वास आवडत नाही, दोनदा आंघोळ करा. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी नाटकाला न्यायची दुर्बीण आणून दिली. तिच्यातून फक्त डावीकडचं दिसायचं. पार्किंगवाल्यांपैकीच एकाने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की हिरवा रंग घाला, झाडीत मिसळून जाल. हा सल्ला सेक्रेटरींना पटला, आणि तीच चूक झाली.

घरात हिरवं असं काहीच नव्हतं. होता तो गच्चीवरच्या टाकीला झाकलेला हिरवा प्लॅस्टिकचा कागद. तो अंगाला गुंडाळून, डोक्यावरून ओढून सेक्रेटरी ऑफिसच्या आधी तळ्याकाठच्या झुडपात जाऊन बसले. पाऊस त्या कागदावर ताशा वाजवावा तसा वाजत होता. बराच वेळ काहीच हललं नाही. मग सेक्रेटरींचा पाय आखडला, म्हणून ते जरासे हलले. काकूंनी खिडकीतून पाहिलं ते एवढंच, की मागच्या झुडपातून एक हिरवं गाठोडं हळूहळू उठतंय.

त्यांची किंकाळी ऐकून चेअरमन गाडी पुसायचा दांडा घेऊन धावले. पुढचं फार वर्णन करण्यात अर्थ नाही. पहिला दांडा बसल्यावर गाठोडं म्हणालं, "अहो, मी! सेक्रेटरी!" आणि दुसरा दांडा बसल्यावर चेअरमन म्हणाले, "असं होय!" दोन्हींच्या मध्ये पुरेसा वेळ होता असं सेक्रेटरींचं आजही मत आहे.

मास्तरांनी वेगळाच मार्ग काढला. पुस्तकात लिहिलं होतं की हा पक्षी बारीक, तीक्ष्ण शीळ घालतो. तशीच शीळ आपण घातली तर तो उत्तर देईल. मग दोघे जिन्यात उभे राहून संध्याकाळी सराव करू लागले. मास्तरांच्या दातांतून शीळ कमी आणि वाफ जास्त यायची. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी घाबरून गॅसवाल्याला बोलावलं.

आणि पक्षी? पक्ष्याने तोंड दाखवलं नाही. रोज सकाळी सेक्रेटरी जायचे, भिजायचे, पाइपाकडे टक लावून बसायचे, आणि रिकामा पाइप मनात भरून घेऊन ऑफिसला जायचे. शुक्रवारपर्यंत त्यांना सणसणीत सर्दी झाली. शनिवारी तर त्यांना स्वतःचाच संशय यायला लागला. गटारावर वाकल्यामुळे डोक्यात रक्त उतरलं असेल का? चष्म्यावरच्या थेंबात रंग दिसले असतील का? असा दावा ऑफिसात आपल्यापुढे आला असता तर आपण चहा पिता पिता फेटाळला असता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी बायकोने त्यांच्यासमोर वाफेचं भांडं ठेवलं. टॉवेलखालून सेक्रेटरी म्हणाले, "उद्या दिसला नाही तर लोक मला खोटारडा म्हणतील."

"म्हणतील."

"तुला काय वाटतं?"

तिने जरा विचार केला. "तुमचं खरं आहे असं मी सिद्ध करू शकत नाही," ती म्हणाली. "पण खोटं बोलायला जी कल्पनाशक्ती लागते ती तुमच्यात नाही, हे मला नक्की माहीत आहे. म्हणजे पक्षी असलाच पाहिजे. उद्या मी येते."

टॉवेलखाली सेक्रेटरींच्या डोळ्यांत पाणी आलं. वाफेमुळे असेल.

रविवारी पाऊस नुसता कोसळत होता. निरीक्षक ठरल्याप्रमाणे आले. खाकी रेनकोट, गुडघ्यापर्यंत गमबूट, वर भलीमोठी काळी छत्री. पक्षी पाहायला शांतता लागते, म्हणून शांतता राखायला अख्खी बिल्डिंग आली होती. तळ्याकाठी छत्र्यांची जत्राच भरली. "शू!" म्हणणाऱ्यांचा आवाज एवढा होता की बाकी काही ऐकू येत नव्हतं.

चेअरमन गाडी घेऊन आले. मागच्या कच्च्या वाटेने ती त्यांनी थेट काठाच्या उतारापर्यंत आणली आणि काच खाली करून निरीक्षकांना म्हणाले, "बघा साहेब, कशी ऐटीत उभी आहे. अशा वीस राहतील." मग त्यांनी काच वर केली आणि आत कोरडे बसून राहिले.

अर्धा तास गेला असेल. पाइपावर पावसाशिवाय काही बसलं नाही. दुर्बीणवाल्यांना डावीकडे एक बगळा दिसला, तो पिशवी निघाला. काकूंनी खिडकीतून "चहा पाठवू का हो साऽहेब?" असं विचारलं आणि टेकडीवरचे होते नव्हते ते सगळे पक्षी उडाले. मास्तरांनी शीळ घातली. तिला उत्तर म्हणून एका बेडकाने तोंड उघडलं. निरीक्षक घड्याळाकडे बघू लागले.

"बीळ तरी दाखवतो," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले. "या साहेब, इथून—" आणि नेमकी त्याच क्षणी त्यांना शिंक आली.

ती साधी शिंक नव्हती. आठवडाभर भिजून कमावलेली शिंक होती. तिच्या धक्क्याने त्यांचा पाय घसरला. हाताला आधार म्हणून जे सापडलं ते त्यांनी घट्ट धरलं, आणि तो चेअरमनांच्या नव्या गाडीचा बाजूचा आरसा होता. गाडी जागेवर राहिली. आरसा सेक्रेटरींबरोबर गेला. चिखलातून बसल्या बसल्या, एखाद्या घसरगुंडीवरून यावं तसे, ते थेट पाण्याच्या कडेला येऊन पोचले. चष्मा वाटेत कुठेतरी उतरला होता.

चष्म्याशिवाय सेक्रेटरींचं जग म्हणजे ओल्या रंगांवर कोणी हात फिरवलेलं चित्र. एक खाकी धब्बा त्यांच्याकडे येताना दिसला. निरीक्षक उचलायला येत होते. मग तो धब्बा एकदम आखूड झाला.

"माझा पाय गेला," धब्बा म्हणाला. मग, "दुसराही गेला."

निरीक्षक गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले होते. एक हात सेक्रेटरींकडे पसरलेला, दुसऱ्या हातातली छत्री खांद्यावरून बाजूला कललेली, आणि पुढेही नाही, मागेही नाही. वर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. चेअरमन उतारावरून खाली येत होते, आणि तीन गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "माझा आरसा! सेक्रेटरी, माझा आ—"

आणि ते थांबले.

सेक्रेटरींना काहीच दिसत नव्हतं. पण इतकी वर्षं सभा लिहून काढल्यामुळे, चेअरमन कधीही वाक्याच्या मध्ये थांबत नाहीत हे त्यांना माहीत होतं. वरच्या छत्र्याही गप्प झाल्या होत्या. नुसता पाऊस वाजत होता, आणि तोही आता हलका झाला होता.

"हलू नका," चेअरमन कुजबुजले. त्यांना कुजबुजता येतं हे बिल्डिंगला त्या दिवशी कळलं.

"साप आहे का?" निरीक्षकांनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही. पक्षी. तुमच्या छत्रीवर."

निरीक्षकांनी फक्त डोळे वर केले. "मला छत्रीचं कापड दिसतंय."

"कापडाच्या वर, साहेब. टोकावर. मासा आहे त्याच्या चोचीत."

"वरचं मला दिसत नाही. आणि मी स्वतः पाहिल्याशिवाय—"

"फोटो काढू का?" वरून मास्तरांची कुजबुज आली.

"फोटो चालत नाही."

सेक्रेटरी चिखलात बसून ऐकत होते. चेअरमन त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. एक टाळी वाजली असती, एक खाकरणं झालं असतं, तरी पक्षी उडून गेला असता, आणि वीस गाड्या या काठावर ऐटीत उभ्या राहिल्या असत्या. ते चेअरमननाही कळत असणार, व्यापारी माणूस होता तो. वर कोणीतरी खरंच घसा साफ करायला सुरुवात केली. चेअरमननी मान वळवून असं काही पाहिलं असावं, की तो खोकला अर्ध्यातच गिळला गेला.

मग वरून सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्याला न ओरडता ऐकू जातो, तो आवाज. "अहो, तुमच्या हातात आरसा आहे."

सेक्रेटरींनी हाताकडे पाहिलं. काहीतरी चकाकत होतं खरं.

"आरशात पाहिलेलं चालतं का, साहेब?" चेअरमननी हळूच विचारलं.

निरीक्षकांनी विचार केला. या प्रश्नावर नियम काय म्हणतो हे आठवत असावेत. "डोळे माझेच असणार," ते शेवटी म्हणाले. "चालेल."

सेक्रेटरींनी आरसा उचलला. कोणाकडे धरायचा, कसा धरायचा, काही दिसत नव्हतं. "वर," चेअरमन कुजबुजले. "आणखी वर. आता डावीकडे. तुमच्या नाही हो, माझ्या डावीकडे. अगदी हळू. बेसिनवर लावतात तसा सरळ नका धरू, जरा कलता धरा."

"मला चेअरमन दिसतायत," निरीक्षक म्हणाले.

"खाली घ्या. थोडासाच."

"आता मी दिसतोय." थोडा वेळ गेला. "मी बराच भिजलोय." आणखी थोडा वेळ गेला. आरसा हळूहळू खाली यायला लागला तेव्हा शेजारून एक जाड, उबदार हात आला आणि त्याने सेक्रेटरींचं मनगट खालून पेलून धरलं.

"आहे," निरीक्षक म्हणाले. इतक्या हळू, की ते खात्याच्या वतीने बोलत नव्हते हे उघड होतं. "आहे की. केवढासा आहे!"

पंखांचा एक पुसटसा आवाज सेक्रेटरींच्या कानाजवळून गेला. बिळाच्या बाजूने बारीक, चिरका गलका ऐकू आला, जसा शाळा सुटल्यावर लांबून येतो तसा.

"पिल्लं," चेअरमन म्हणाले. "भरवतोय त्यांना. आत गेला. बाहेर आला. गेला."

मग वर एकदम सगळे बोलायला लागले. दोर आला, बांबू आले. निरीक्षकांना ओढून काढलं, तेव्हा ते आले आणि गमबूट तिथेच राहिले. मोजे घातलेल्या पायांनी उतारावर ताठ उभं राहून त्यांनी जाहीर केलं की या ठिकाणी भराव घालता येणार नाही, आणि हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पार्किंगवाल्यांपैकी काहींनीही वाजवल्या. मग आपण कोणत्या बाजूचे ते आठवून थांबले. काकूंचा चहा आला, निरीक्षकांनी तो उभ्याने, बशीतून प्यायला.

खाली तळ्याकाठी सेक्रेटरी चिखलात हात घालून चष्मा चाचपत होते. हाताला दोनदा बेडूक लागला, चष्मा लागला नाही. शेवटी चेअरमननी त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"आरशाचे मी भरून देईन," सेक्रेटरी म्हणाले.

"ते बघू," चेअरमन म्हणाले. उतार निसरडा होता, म्हणून दोघे हात धरून, एकेक पाऊल रोवत चढू लागले. थोडं वर आल्यावर चेअरमन थांबले.

"तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

"पिवळा ठिपकासुद्धा नाही."

"अरेरे! अहो, काय होता म्हणून सांगू! डोकं असं जांभळं, पण नुसतं जांभळं नाही, आतून दिवा लावल्यासारखं. माझ्या दुकानात शेकडो रंगांच्या टाइल्स आहेत, त्यातला एकही नाही. एकही नाही! आणि चोच, ही एवढी!"

हे सगळं आपण भर सभेत सांगितलं होतं आणि याच माणसाने हसून घालवलं होतं, हे सेक्रेटरींच्या मनात येऊन गेलं. बोलून दाखवायला जागाही चांगली होती. पण त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय, उडाला."

"कसा?"

चेअरमननी सेक्रेटरींचा हात सोडला आणि दोन्ही हात पसरले. मग समोरच्याला दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सेक्रेटरींचा चिखलाने माखलेला हात आपल्या हातात घेतला, खांद्यापर्यंत उचलला, क्षणभर तिथेच धरला, आणि मग एकदम पाण्याच्या दिशेने, सरळ, सपकन खाली नेला. अख्खी बिल्डिंग वरून बघत होती.

"असा," चेअरमन म्हणाले.

पाऊस पुन्हा वाढला होता. सेक्रेटरींनी आपला हात पुन्हा खांद्यापर्यंत उचलून धरला.

"परत एकदा दाखवा," ते म्हणाले.